कोंड्याचा मांडा, ऑलिव्हच्या चोथ्याचा

“डॉक्टर, ही बाटली जरा पाहता का? नातीने स्पेनहून आणली आहे. तेलाच्या घाण्यातल्या टाकाऊ पाण्यापासून करतात म्हणे, पण हृदयाला फार चांगले!”

निवृत्त शिक्षक असलेले माझे एक रुग्ण, ज्यांना सारा परिसर ‘गुरुजी’ म्हणून ओळखतो, ते एका संध्याकाळी दवाखान्यात हा प्रश्न घेऊन आले होते. वय चौऱ्याहत्तर, बारा वर्षांचा रक्तदाब, गोळीवर उत्तम नियंत्रण. त्यांच्या पिशवीत तपकिरी द्रवाची एक छोटी बाटली, काळपट रंगाच्या बिस्किटांचा पुडा आणि कॅप्सूलची एक डबी होती. बाहेर रुग्णांची रांग होती. मी बाटली हातातही न घेता म्हणालो, “गुरुजी, असल्या गोष्टींच्या नादी लागू नका.” ते हसले आणि निघून गेले.

तीन आठवड्यांनी त्यांची सून त्यांना रिक्षातून घेऊन आली. सकाळपासून डोके जड होते आणि चालताना तोल जात होता. रक्तदाब होता १८८/१०४. चौकशी केल्यावर कळले की, ‘नैसर्गिक औषध चालू आहे, मग गोळी कशाला’ या विचाराने त्यांनी रक्तदाबाची गोळी आधी अर्धी केली आणि नंतर बंदच केली. सुदैवाने पक्षाघातापर्यंत मजल गेली नाही. मला मात्र त्या दिवशी स्वतःचाच राग आला. मी त्यांचे दोन मिनिटे ऐकून घेतले असते, तर गोळी बंद करण्याचा बेत त्यांनी मला नक्की सांगितला असता. ‘नादी लागू नका’ हे काही उत्तर नव्हे. ज्या प्रश्नाचे डॉक्टर नीट उत्तर देत नाही, तो प्रश्न रुग्ण पुन्हा विचारत नाही, हे तीस वर्षांच्या अनुभवानंतरही मी विसरलो होतो.

म्हणून मी त्या बाटलीचा, बिस्किटांचा आणि कॅप्सूलचा अभ्यास केला. परदेशी राहणाऱ्या मुला-नातवंडांकडून अशी भेट तुमच्याही घरी येत असेल. ती सरसकट फेकून द्यावी असे नाही आणि डोळे मिटून घ्यावी असेही नाही. तिच्याविषयी जे समजून घेतले, ते आज तुमच्यासमोर मांडतो.

तेल निघाल्यावर मागे काय उरते?

ऑलिव्ह, म्हणजे ज्याला आपल्याकडे जैतूनही म्हणतात, ते भूमध्य समुद्राच्या काठचे फळ. स्पेन, इटली, ग्रीस, पोर्तुगाल, तुर्कस्तान, ट्युनिशिया आणि मोरोक्को हे त्याचे मोठे उत्पादक देश आहेत. त्यातही स्पेनचा क्रमांक पहिला. तेथील अँडलुसिया प्रांतातील हाएन जिल्ह्यात नजर पोहोचेल तिथवर ऑलिव्हच्याच बागा दिसतात.

शेंगदाणा किंवा तीळ यांचे तेल बियांतून निघते. ऑलिव्हचे तेल मुख्यतः फळाच्या गरातून निघते आणि गर म्हटला की पाणी आलेच. फळे धुऊन बियांसकट ठेचतात, तो लगदा अर्धा-पाऊण तास मंद गतीने मळतात आणि मग वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घालून तेल वेगळे करतात. हजार किलो फळांपासून सरासरी दोनशे किलोच्या आसपास तेल मिळते. उरलेला सुमारे चार पंचमांश भाग म्हणजे साल, गराचा चोथा, कठीण बियांचे तुकडे आणि काळसर कडू पाणी.

जुन्या पद्धतीच्या यंत्रांतून तेल, पाणी आणि चोथा असे तीन भाग निघत. त्यासाठी लगद्यात वरून पाणी घालावे लागे, म्हणून सांडपाणीही फार होई. १९९० च्या दशकाच्या आरंभी स्पेनने नवी यंत्रे आणली. त्यांतून दोनच भाग निघतात. एक तेल आणि दुसरा पाण्याने भरलेला ओला चोथा. या चोथ्याला तिकडे ‘आल्पेरुहो’ म्हणतात. सांडपाण्याचा प्रश्न बराच सुटला, पण ओल्या चोथ्याचे डोंगर उभे राहिले.

कडू पाण्याची जुनी कहाणी

हा प्रश्न आजचा नाही. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात रोमन मुत्सद्दी केटो याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात या काळ्या पाण्याला ‘अमुर्का’ म्हटले आहे आणि त्याचे अनेक उपयोग दिले आहेत. त्यांतला एक आपल्याला ओळखीचा वाटेल. धान्याचे खळे तयार करताना त्यावर अमुर्का शिंपडावे, म्हणजे मुंग्या लागत नाहीत आणि तण उगवत नाही, असे तो सांगतो. आपल्याकडे खळे शेणाने सारवत, तिकडे या कडू पाण्याने.

कीड मरते आणि तण उगवत नाही, याचाच अर्थ त्या पाण्यात जंतू, कीटक आणि वनस्पती यांना न मानवणारे काहीतरी तीव्र आहे. थोडे असेल तोवर तो गुण, पण हजारो घाणे ऑक्टोबर ते जानेवारी या तीन-चार महिन्यांत एकदम चालू लागले की तोच मोठा दोष ठरतो. नदीनाल्यात सोडलेले हे पाणी तिथला प्राणवायू संपवते. त्याचा सेंद्रिय भार घरगुती सांडपाण्याच्या शंभरपटीहूनही अधिक असतो. इटलीने १९९६ मध्ये कायदाच केला की, हे पाणी शेतात सोडायचे तर वर्षाला हेक्टरी ५० किंवा ८० घनमीटर, याहून अधिक नाही. जुन्या दाबयंत्राच्या पाण्याला पहिली मर्यादा, फिरत्या यंत्राच्या पाण्याला दुसरी.

हे तीव्र काहीतरी म्हणजे पॉलिफेनॉल या वर्गातील द्रव्ये. चहाचा तुरटपणा, जांभळाचा रंग, हळदीतील कर्क्युमिन ही सगळी याच मोठ्या कुटुंबातली मंडळी. कच्च्या ऑलिव्हमध्ये ओल्युरोपीन नावाचे अतिशय कडू पॉलिफेनॉल असते. म्हणूनच झाडावरून तोडलेले ऑलिव्ह कोणी तसेच खात नाही, ते खारवून किंवा इतर प्रक्रिया करूनच खातात. फळ ठेचले की ओल्युरोपीनपासून हायड्रॉक्सिटायरोसॉल आणि त्याच्या नात्यातली इतर द्रव्ये तयार होतात. उत्तम प्रतीच्या ताज्या ऑलिव्ह तेलाने घशाला जो ठसका लागतो, तोही याच कुटुंबातील एका द्रव्यामुळे. त्याचे नाव ओलिओकँथल. ते प्रयोगशाळेत आयब्युप्रोफेन या वेदनाशामक औषधासारखेच काम करते, असे २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते.

गुण गेला पाण्यात

आता मुख्य मुद्दा. ही द्रव्ये तेलापेक्षा पाण्यात कितीतरी अधिक विरघळतात. त्यामुळे घाण्यात फळ फिरते तेव्हा तेलाबरोबर त्यांचा अगदी थोडा अंश जातो आणि बाकी सारी पाण्यात आणि चोथ्यात राहतात. ग्रीसमधील संशोधकांनी २००२ साली याचा हिशेब मांडला. फळातल्या शंभर भागांपैकी तेलात जेमतेम दोन भाग आले, पाण्यात सुमारे त्रेपन्न गेले आणि चोथ्यात सुमारे पंचेचाळीस राहिले.

ज्या गुणासाठी जग ऑलिव्ह तेलाला नावाजते, त्याचा मोठा वाटा तेलाच्या बाटलीत नसून मागच्या अंगणातल्या चोथ्यात असतो. मराठी गृहिणीला यात आश्चर्य वाटायचे कारण नाही. पुरणाची डाळ शिजवल्यावर वरचे पाणी आपण टाकत नाही, त्याची कटाची आमटी करतो. दोडक्याच्या शिरांची आणि दुध्याच्या सालीची चटणी करतो. कोंड्याचा मांडा करून खाणे हा आपल्याकडे सुगरणीचा गुण मानला जातो. भूमध्य समुद्राकाठची मंडळी आज प्रयोगशाळेत तेच करत आहेत.

चोथ्याचे पीठ, पाण्याचा अर्क

या टाकाऊ मालापासून खाण्याजोगे पदार्थ मुख्यतः तीन प्रकारांनी होतात. गुरुजींच्या पिशवीत हे तिन्ही होते, म्हणून ते वेगवेगळे समजून घेऊ.

पहिला प्रकार पिठाचा. ओल्या चोथ्यातून बियांचे कठीण तुकडे यंत्राने वेगळे काढतात. त्यांचा उपयोग जळण म्हणून होतो. उरलेला गर आणि साल कमी तापमानावर वाळवून दळतात. हे पीठ गडद रंगाचे, किंचित कडवट आणि तंतूंनी भरलेले असते. त्यात थोडे तेल आणि पॉलिफेनॉलही उरलेले असते. नुसते हे पीठ कोणी खाऊ शकणार नाही. म्हणून पाव, पास्ता किंवा बिस्किटे करताना गव्हाच्या पिठात ते थोड्या प्रमाणात मिसळतात. प्रमाण वाढले की रंग काळवंडतो, पदार्थ दडस होतो आणि कडवटपणा जिभेला जाणवतो.

दुसरा प्रकार पाण्याच्या अर्काचा. आपल्या घरातले आरओ यंत्र आठवा. त्यात बारीक छिद्रांच्या पडद्यातून शुद्ध पाणी पलीकडे जाते, ते आपण पितो आणि क्षार साठलेले पाणी मोरीत सोडतो. ऑलिव्हच्या पाण्यावर हीच क्रिया करतात, पण त्यांना हवे असते ते पडद्याच्या अलीकडे राहिलेले दाट पाणी. आधी मोठ्या छिद्रांच्या पडद्याने गाळ काढतात, मग क्रमाने बारीक पडदे लावतात आणि शेवटी पॉलिफेनॉलचा दाट अर्क हाती येतो. गुरुजींच्या बाटलीत तोच होता. ओल्या चोथ्यावर दाबाखालील वाफेची क्रिया करूनही हायड्रॉक्सिटायरोसॉल मोकळे करता येते. स्पेनमधील सेव्हिल शहरात तेले आणि स्निग्ध पदार्थ यांवर संशोधन करणारी ‘इन्स्टिट्यूटो दे ला ग्रासा’ ही सरकारी संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले आहे.

तिसरा प्रकार भुकटीचा आणि कॅप्सूलचा. दुधाची भुकटी करतात तसा हा अर्क गरम हवेत फवारून वाळवतात. तो नीट सुटा व्हावा म्हणून त्यात बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन हे पिष्टमय द्रव्य मिसळतात. छाटणीतून आणि घाण्यावर फळांबरोबर आलेल्या पानांतून निघणारा वाया माल वेगळाच. त्या पानांचाही अर्क कॅप्सूलमध्ये भरून विकला जातो.

वाचताना हे सोपे वाटते, प्रत्यक्षात तसे नाही. ओला चोथा काही तासांत आंबू लागतो आणि त्यावर बुरशी येते. खाण्यासाठी वापरायचा तर तो ताज्या फळाइतक्याच काळजीने हाताळावा लागतो. घाण्यामागे आठवडाभर पडलेल्या ढिगाचे पीठ आणि त्याच दिवशी वाळवलेल्या चोथ्याचे पीठ ही एकच वस्तू नव्हे. आपल्याकडे शेंगदाण्याच्या पेंडीचा अनुभव हेच सांगतो. पेंडीत प्रथिने भरपूर असतात, पण ती दमट जागी राहिली तर बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते. वाया जाणारा माल अन्न म्हणून घ्यायचा, तर त्याची स्वच्छता मूळ अन्नापेक्षाही काटेकोर हवी.

पुरावा कितपत आहे?

आता डॉक्टर म्हणून माझ्या कामाचा भाग. गुण चोथ्यात आहे, हे सिद्ध झाले. तो गुण माणसाच्या शरीरात किती उपयोगी पडतो, हा वेगळा प्रश्न आहे.

युरोपातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ साली या विषयावरचे संशोधन तपासले. त्यांनी एकच दावा मान्य केला. ऑलिव्ह तेलातील पॉलिफेनॉल रक्तातील स्निग्ध द्रव्यांचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करण्यास मदत करतात. त्या दाव्यालाही अट आहे की, रोज २० ग्रॅम तेल घेतले जावे आणि त्या २० ग्रॅममध्ये हायड्रॉक्सिटायरोसॉल आणि त्याच्या नात्यातील द्रव्ये मिळून किमान ५ मिलिग्रॅम असावीत. त्याच अहवालात आणखीही दावे तपासले होते. रक्तदाब योग्य राहतो, चांगले कोलेस्टेरॉल टिकते, हे दावे पुराव्याअभावी नाकारले गेले. दाह कमी होतो, हा दावाही मान्य झाला नाही. बाटलीवरची जाहिरात पहिला भाग मोठ्या अक्षरांत सांगते आणि दुसऱ्याबद्दल मौन पाळते.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युरोलिव्ह’ या अभ्यासात पाच युरोपीय देशांतील २०० निरोगी पुरुषांना रोज २५ मिलिलिटर ऑलिव्ह तेल दिले गेले. त्यात पॉलिफेनॉल कमी, मध्यम आणि जास्त असलेली तीन तेले प्रत्येकाला तीन-तीन आठवडे मिळाली. पॉलिफेनॉल जितके जास्त, तितके चांगले कोलेस्टेरॉल वाढले आणि ऑक्सिडीकरण झालेले वाईट कोलेस्टेरॉल कमी झाले. निष्कर्ष आशादायक आहे, पण चांगल्या कोलेस्टेरॉलमधली ही वाढ जास्तीत जास्त गटातही दोन मिलिग्रॅमपेक्षा कमी होती. शिवाय त्यात स्त्रिया नव्हत्या, साठीच्या पुढचे कोणी नव्हते आणि औषधे चालू असलेले रुग्णही नव्हते. म्हणजे गुरुजींसारखा माणूस त्या अभ्यासात नव्हताच.

पानांच्या अर्काबाबत इंडोनेशियात झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. सौम्य उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना आठ आठवडे ५०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा देण्यात आला. दुसऱ्या गटाला कॅप्टोप्रिल ही रक्तदाबाची गोळी दिली होती. वरचा रक्तदाब अर्काने सुमारे ११ आणि गोळीने सुमारे १४ अंकांनी उतरला. गुरुजींच्या नातीने हेच कुठेतरी वाचले असावे. यातून दोन धडे निघतात. पहिला, पानांचा अर्क रक्तदाबावर खरोखर परिणाम करू शकतो, म्हणून तो चालू गोळीबरोबर विचार न करता घेणे धोक्याचे आहे. दुसरा, आठ आठवड्यांच्या एका अभ्यासावर बारा वर्षांची गोळी सोडता येत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या पक्षाघात टाळतात, हे हजारो रुग्णांना वर्षानुवर्षे पाहून सिद्ध झाले आहे. चोथ्याच्या अर्काबाबत तसे काहीही झालेले नाही. आणि पानांचा अर्क वेगळा, चोथ्याचे पीठ वेगळे, पाण्याचा अर्क वेगळा. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर जमा होत नाही.

पोमेस तेलाचा गैरसमज

या चोथ्याशी आपला संबंध नातीच्या पिशवीपुरताच नाही. मुंबई-पुण्याच्या दुकानांत ‘ऑलिव्ह पोमेस ऑइल’ नावाचे तेल मिळते. ते इतर ऑलिव्ह तेलांपेक्षा स्वस्त असते आणि तळण्यासाठी चांगले म्हणून अनेक घरांत येते. पोमेस म्हणजे हाच चोथा. त्यात उरलेले थोडे तेल हेक्झेन या द्रावकाने काढतात, मग शुद्धीकरण करतात आणि त्यात थोडे चांगले ऑलिव्ह तेल मिसळतात. शुद्धीकरणात रंग, वास आणि कडवटपणा जातो, त्याबरोबर पॉलिफेनॉलही जवळजवळ सारे निघून जातात. तेव्हा ज्या गुणांची चर्चा आपण करत आहोत, ते या तेलात शोधू नयेत.

मग ते वाईट का? तसेही नाही. त्यातील स्निग्धाम्ले मुख्यतः ऑलिव्ह तेलासारखीच असतात. २००१ साली स्पेनमध्ये अशा तेलात बेंझोपायरिन हे कर्करोगकारक द्रव्य आढळले आणि सरकारला माल बाजारातून परत घ्यावा लागला. चोथा धुरकट, अतितप्त हवेत वाळवल्याचा तो परिणाम होता. त्यानंतर मर्यादा ठरल्या आणि शुद्धीकरण सुधारले. आज प्रमाणित पोमेस तेल हे एक साधे शुद्ध केलेले खाद्यतेल आहे. आपल्या शेंगदाणा किंवा करडईच्या तेलापेक्षा त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे वैद्यकीय कारण मला दिसत नाही.

कोणी सावध राहावे?

चोथ्याच्या पिठाची एक-दोन बिस्किटे किंवा थोडा पास्ता बहुतेक ज्येष्ठांना अपाय करणार नाही. अर्क आणि कॅप्सूल यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. पुढील व्यक्तींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत.

• रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे. रक्तदाब अवाजवी उतरून पहाटे उठताना चक्कर येऊ शकते. वृद्धापकाळी अशा पडण्यातूनच खुब्याचे हाड मोडते.

• मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे. पानांच्या अर्काने साखर उतरण्याची शक्यता असते. भुकटीच्या पेयात माल्टोडेक्स्ट्रिन जास्त असेल, तर उलट साखर वाढेल.

• रक्त पातळ करणारी औषधे, उदाहरणार्थ वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल किंवा अॅस्पिरिन, चालू असणारे. शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असेल, तर अशा पूरक पदार्थांची माहिती आधी द्यावी.

• मूत्रपिंडाचा विकार असणारे. ऑलिव्हच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. दुर्बल मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही आणि वाढलेले पोटॅशियम थेट हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करते.

• गिळण्यास त्रास होणारे, विशेषतः पक्षाघात किंवा कंपवाताचे रुग्ण. तंतुमय, कोरडी बिस्किटे घशात अडकू शकतात. द्यायचीच तर दुधात भिजवून, बसवून आणि समोर थांबून द्यावीत.

तंतुमय पदार्थांविषयी आणखी एक गोष्ट. बद्धकोष्ठतेवर कोंडा चांगला हे खरे, पण त्याबरोबर पुरेसे पाणी प्यायले नाही, तर तोच कोंडा आतड्यात घट्ट बसतो. अनेक आजी-आजोबा रात्री उठावे लागू नये म्हणून पाणी कमी पितात. त्यांनी पिठात तंतू वाढवण्याआधी पाणी वाढवावे. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यावी आणि तंतुमय न्याहारी त्यानंतर तासाभराने करावी.

घरी सांभाळ करणाऱ्यांसाठी

वडीलधाऱ्यांची औषधे पाहणारी सून, मुलगी, मुलगा किंवा मदतनीस, तुमच्यासाठी चार कामे सांगतो.

पहिले काम, घरात येणारा प्रत्येक पूरक पदार्थ औषधांच्या यादीत लिहा. ‘हे काही औषध नाही’ म्हणून यादीबाहेर ठेवलेली वस्तूच बहुधा घोटाळा करते.

दुसरे, वेष्टन वाचा. हायड्रॉक्सिटायरोसॉल किती मिलिग्रॅम आहे, हे आकड्यात लिहिले आहे का? मीठ आणि साखर किती आहे? नुसते ‘ऑलिव्हयुक्त’ लिहिले असेल, तर त्यातून काहीच कळत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या मालावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो. तो नसेल तर घेऊ नका.

तिसरे, दावा वाचा. ‘स्निग्ध द्रव्यांच्या रक्षणास मदत’ हे वाक्य मोजूनमापून लिहिलेले असते. ‘रक्तदाब मुळापासून बरा’ असे लिहिले असेल, तर ते वेष्टन परत करा.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे विचारा. ‘बाबा, गोळ्या नीट घेताय ना?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ येते. त्यापेक्षा गोळ्यांची पाकिटे मोजा. महिन्याच्या शेवटी पंधरा गोळ्या उरल्या असतील, तर रागावू नका, कारण विचारा. खर्च, विसरभोळेपणा, चक्कर येण्याची भीती, किंवा नातीची बाटली, काहीही निघू शकते.

बरणीत भरून ठेवलेल्या खारवलेल्या ऑलिव्हचाही उल्लेख करायला हवा. ते चवीला छान, पण त्यांत मीठ फार असते. रक्तदाबाच्या रुग्णाने ते लोणच्यासारखेच मोजके खावेत.

आपल्या अंगणातला कोंडा

ऑलिव्हच्या चोथ्याची ही सारी खटपट मला कौतुकाची वाटते. नदीत जाऊन मासे मारणारे पाणी अन्न म्हणून परत येत असेल, तर त्यात शेतकऱ्याचे, नदीचे आणि खाणाऱ्याचेही भले आहे. असे याआधीही झाले आहे. चीज करताना उरणारी निवळ एके काळी परदेशी कारखाने गटारात सोडत. आज तिच्यापासूनच आजारी माणसाला देतात ती प्रथिनांची भुकटी बनते. तांदळाच्या कोंड्याचे तेल आता आपल्या किराणा दुकानात सहज मिळते. कोकणात कोकमाच्या बियांपासून काढलेले भिरंडेल टाचेच्या भेगांवर पिढ्यान्‌पिढ्या लावले जात आहे.

पण त्यातला खरा बोध स्पेनहून बाटली मागवण्याचा नाही. फळाचा, धान्याचा, भाजीचा गुण पुष्कळदा आपण टाकून देतो त्या भागात असतो, हा तो बोध आहे. गव्हाचे पीठ चाळून कोंडा टाकू नका. भाज्यांचे पाणी मोरीत न ओतता आमटीत घाला. सोसत असेल त्याने पेरू आणि सफरचंद सालीसकट खावे. जवसाची चटणी ताटात असू द्या. ताक घ्या, पण मीठ बेताने. याला फार खर्च येत नाही आणि यांतले बहुतेक आपल्या पोटाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे आहे.

गुरुजींची गोळी पुन्हा सुरू झाली. दोन आठवड्यांत रक्तदाब १३४/८० वर आला. काळी बिस्किटे त्यांनी चहाबरोबर एक-एक करून संपवली आणि त्याला माझी हरकत नव्हती. कॅप्सूलची डबी त्यांनी स्वतःहून माझ्या टेबलावर ठेवली. बाटलीतला अर्क मात्र एक चमचा मीही चाखून पाहिला. कारल्याचा रस परवडला!

“डॉक्टर,” ते म्हणाले, “शाळेत मी मुलांना सांगायचो, शंका असेल तर विचारा. या वेळी मी विचारले होते, पण तुम्ही उत्तर दिले नाही.”

मी हात जोडले. तेव्हापासून माझ्या टेबलावर एक छोटी पाटी आहे. ‘गोळ्यांशिवाय आणखी काय घेता, ते सांगा. मी ऐकणार आहे.’ तुमच्या डॉक्टरांच्या टेबलावर ती पाटी नसली, तरी पुढच्या भेटीत ती आहे असे समजून सांगा. आणि उत्तर मिळेपर्यंत चालू गोळी बंद करू नका.